गावाला गेलेला देव

झरीच्या चैत्याला मी पहिलीपासून ओळखतो, आणि तो भित्रा आहे हे मी त्याच्या तोंडावर सांगत आलोय. शाळेत तो शिट्टीला भ्यायचा, लसीला भ्यायचा, आणि साहेब तपासणीला आले की पोटात दुखतंय म्हणून माझ्या मागे लपायचा. असा माणूस एकटा आफ्रिकेत जाऊन साडेचार वर्षं धर्माचं काम करून आला हे मला अजून खरं वाटत नाही. पण तलासरी नाक्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याच्या पासपोर्टचा फॉर्म मीच भरला होता, त्यामुळे मानावं लागतं.

त्याचा बाप लहान्या भगत. आमच्याकडे कोणी आजारी पडलं, गुरं हरवली, पेरलेलं उगवलं नाही, की लोक भगताकडे जातात आणि भगत देवाला विचारून सांगतो. लहान्याकाकांच्या घरात कुडाच्या भिंतीला लागून, अंधाऱ्या कोपऱ्यात एक झाकणाची बांबूची टोपली असते. तिच्यात तांदूळ भरलेला आणि तांदळात घरचे देव ठेवलेले. हिरव्या देवाचा मोरपिसांचा जुडगा, हिमाय देवीचं नाणं आणि नारनदेवाची सुपारी. टोपलीला फक्त भगतानं हात लावायचा. वर्षातून एकदा नवं भात आलं की देव बाहेर काढतात, त्यांना कोंबडं आणि ताडी देतात. एरवी काही मोठं संकट आलं तरच झाकण उघडतं.

पाचवीत चैत्या हायवेपलीकडच्या एका संस्थेच्या वसतिगृहात गेला. तिथे त्याचं नाव चैतन्य झालं, मासळी सुटली, मटण सुटलं, पुढे कांदालसूणही सुटला. गळा गोड होता म्हणून भजनाला पुढे बसवायचे. दहावीनंतर तो तिथेच सेवक म्हणून राहिला. २०१४ साली संस्थेनं त्याला केनियातल्या किसुमू नावाच्या गावी पाठवायचं ठरवलं. तिथे गुजराती दुकानदारांनी बांधलेलं संस्थेचं मंदिर होतं. पूजा, रसोड्यातला स्वयंपाक, पोरांचे संस्कारवर्ग आणि लोकांची व्यसनं सोडवायची, असं साडेचार वर्षांचं काम. पाड्यावर सगळ्यांना वाटलं भगत चिडेल. तो नुसता जा म्हणाला.

चैत्यानं त्या वेळी काय केलं ते मला पुष्कळ उशिरा कळलं, पण इथेच सांगतो, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. निघायच्या दिवशी दुपारी बाप शेजारच्या पाड्यावर गेला होता, आई विहिरीवर. चैत्यानं टोपली उघडली, नारनदेवाची सुपारी काढून लाल फडक्यात बांधली, आणि तिच्या जागी बाजारातली सुपारी तेलशेंदूर लावून तांदळात ठेवली. दुसऱ्या देवाचं नाव सांगायला निघालेल्या माणसानं घरचा देव चोरून बरोबर घेतला. कारण एकच, भीती. विमान, समुद्र, अनोळखी माणसं. गावची शीव ओलांडली की वाघ्या देव राखण करत नाही हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. संस्थेच्या देवावर त्याची श्रद्धा होती, खोटं कशाला बोलू, पण तो देव सगळ्यांचा. त्याला खास आपल्याला ओळखणारा कोणीतरी पाहिजे होता.

किसुमूला मोठं तळं आहे, आपल्या डहाणूच्या खाडीसारखी मासळीची जाळी लावलेली असतात, असं तो फोनवर सांगायचा. दर रविवारी तो बाजारातल्या हमालांपुढे आणि दुकानदारांच्या पोरांपुढे उभा राहून बोलायचा. तंबाखू वाईट, दारू वाईट, सुपारी वाईट. आणि खोलीत बॅगेच्या अस्तराच्या आत सुपारी शिवलेली. तिला कोंबडं द्यायची सोय नव्हती आणि ताडीचं नाव काढायची चोरी. कधीमधी प्रसादाचा शिरा चिमूटभर बॅगेवर ठेवायचा, माफी मागायचा आणि स्वतःच खाऊन टाकायचा.

इकडची बातमी मी द्यायचो. मला काय माहीत, मी खुशालीचं म्हणून सांगत होतो. सुकीकाकी, म्हणजे त्याची आई, विहिरीवर घसरून तिचा पाय मोडला ते सांगितलं. दुसऱ्या वर्षी बैल गेला ते सांगितलं. भातावर रोग पडला ते सांगितलं. हा दर वेळी एवढंच विचारायचा, टोपली उघडली होती का, बाबा काय म्हणाले. मी चेष्टा करायचो की संस्थेचा माणूस असून तुझा जीव अजून टोपलीत. नव्या भाताच्या जेवणाला मी दर वर्षी त्यांच्याकडे असायचो. काका आताशा एक पान टोपलीपुढे मांडायचे आणि दुसरं बाहेर ओटीवर, मावळतीकडे तोंड करून. मी कधी विचारलं नाही. भगताच्या शंभर रीती असतात.

मग नोव्हेंबर २०१८ मध्ये आमच्याकडची जमीन हलायला लागली.

धुंदलवाडीच्या बाजूनं सुरू झालं. आधी वाटलं कुठेतरी खाणीत सुरुंग लावतायत. पण रोज कोण सुरुंग लावणार? भांडी वाजायची, कौलं सरकायची, जमिनीतून एक घरघर यायची आणि मागोमाग धक्का. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला तर एकामागून एक इतके धक्के बसले की लोकांनी घरात पाऊल टाकायचं सोडलं. सरकारनं तंबू दिले. शाळा झाडाखाली भरायला लागल्या. माझं दुकान पक्कं आहे, पण मी खुर्ची दारात आणून बसायचो, एक पाय पायरीवर. हसायचं त्यानं हसावं.

हे मी चैत्याला व्हिडिओ कॉलवर सांगितलं आणि तंबू दाखवले. त्यानं एकच विचारलं, आमच्या घराखालची पण हलते का? मी म्हटलं, तुमच्या घराखाली काय वेगळी जमीन आहे? त्यानं फोन ठेवला. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ त्याचा मेसेज यायला लागला, आज किती वेळा. आकडा कळवला की पुढे काही नाही. तिकडे बसून हा माणूस हिशोब मांडत होता की नारनदेव जागेवर नाही म्हणून धरणी हलतेय, आणि ती हलवणारा तो स्वतः आहे.

नेमकी त्याची मुदत फेब्रुवारीअखेर संपत होती. त्याच्या जागी नवा सेवक येऊन पोचलाही होता. दुसरा कोणी असता तर दिवस मोजले असते. मी उत्साहानं कळवलं की बरा येतोयस, कारण पाड्यानं ठरवलंय, होळीच्या आधी लहान्याकाकांनी टोपली सगळ्यांसमोर उघडायची, देव अंगणात मांडायचे आणि जमीन का हलते ते विचारायचं. चार पाड्यांची माणसं येणार. त्यावर त्यानं दिवस कोणता ते दोनदा विचारलं. घरच्या अंधारात बापाला फरक कळला नसेल, पण आता उजेडात, सगळ्या गावासमोर त्याच्या हातात बाजारची सुपारी येणार होती. भगताच्या घरचाच देव खोटा निघाला तर लोक बापाला काय म्हणतील, आणि धरणी हलल्याचं खापर कोणावर फुटेल, हे त्याला तिथून दिसत होतं. त्याआधी पोचायचं आणि गुपचूप अदलाबदल करायची, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं.

पण निघणंही सोपं नव्हतं. संस्थेची एक रीत आहे. सेवा संपवून परत जाणाऱ्या सेवकाची बॅग मंदिराच्या महाराजांसमोर, सगळ्या भाविकांसमोर उघडतात. इथून मी काही नेत नाही, हे त्यानं दाखवायचं. कपडे झटकतात, अस्तरही चाचपतात. त्यात कोणाचा संशय नसतो, तो मानच असतो. चैत्यानं स्वतः आधीच्या सेवकाची बॅग अशी झटकली होती. सुपारी सापडली तर तिथे कोणाला देव दिसणार नव्हता. साडेचार वर्षं आम्हाला सुपारी सोडा म्हणून सांगणारा चोरून सुपारी खातो, एवढंच दिसणार होतं.

कार्यक्रमाच्या आधी तो संडासात गेला, अस्तराची शिवण उसवली आणि कुठेच जागा सुचेना म्हणून सुपारी गालात धरली. देव तोंडात. मला हे सांगताना त्याच्या अंगावर काटा आला होता. बॅग उघडली, रिकामी झाली, परत भरली. सगळं ठीक झालं. मग महाराज म्हणाले, चैतन्य, शेवटचं एक भजन होऊ दे.

त्यानं गालावर हात ठेवला आणि दाढ दुखते अशी खूण केली. सेवक म्हणून बोललेलं पहिलं खोटं, आणि तेही न बोलता. नशीब असं की मंदिराचे एक विश्वस्त दातांचे डॉक्टर. ते उठून जवळ आले. शेंदूर लाळेत उतरला होता आणि ओठाच्या कोपऱ्यात लाल दिसत होता. डॉक्टरांना वाटलं रक्त आलंय.

"जरा मोढुं खोल, बेटा," ते गुजरातीत म्हणाले, तोंड उघड.

भीतीनं म्हणा किंवा देवानं सुचवलं म्हणून म्हणा, चैत्या सरळ महाराजांच्या पायाशी आडवा झाला. साष्टांग नमस्कार. तोंड जमिनीला, दोन्ही हात पुढे, आणि त्या झाकल्या जागेत सुपारी तोंडातून मुठीत. बराच वेळ उठला नाही. लोकांना वाटलं निरोपानं गहिवरलाय. बायका डोळे पुसायला लागल्या. उठल्यावर त्यानं आ केला आणि डॉक्टर म्हणाले, दाढ चांगली आहे, नुसती हिरडी सोलवटलीय. महाराजांनी त्याच्या बंद मुठीवर हात ठेवून आशीर्वाद दिला.

मुंबई विमानतळावर पुन्हा तेच. तिथल्या कागदावर विचारलं होतं, बियाणं, रोपं, फळं काही आणलंय का. त्यानं नाहीवर खूण केली. दुसरं खोटं. खिशावर हात दाबून तो बाहेर आला आणि हायवेवरून गुजरातला जाणाऱ्या बसमध्ये बसला.

मी तलासरी नाक्यावर हार घेऊन उभा होतो. बस आली, थांबली, दोन माणसं उतरली, आणि सुटली. खिडकीत मला चैत्या दिसला. तो समोर बघत ताठ बसला होता. मी हार घेऊन बसमागे धावलो, आणि नाक्यावरच्या सगळ्या रिक्षावाल्यांची करमणूक झाली. तासाभरानं त्याचा फोन आला, अच्छाडला ये.

अच्छाडला चेकपोस्टपाशी ट्रकांची रांग लागलेली असते. तिथल्या एका ढाब्यावर तो बॅग मांडीवर घेऊन बसला होता, चहावर साय धरलेली. उतरायचं होतं पण पाय उचलले नाहीत, म्हणाला. गुजरातची हद्द आली तेव्हा भानावर आला. मग त्यानं मला सगळं सांगितलं, आणि शेवटी खिशातून लाल फडकं काढून टेबलावर ठेवलं.

मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. गाढवा, आधी बोलला असतास तर. आणि खरं सांगायचं तर, चार महिने रोज कॉम्प्युटरवर भूकंपाची माहिती वाचणारा मी, त्या फडक्यापासून खुर्ची थोडी मागे घेऊन बसलो होतो.

"प्रविण, उद्या टोपली उघडायची आहे," तो म्हणाला. "आज ठेवला नाही तर मी मेलो."

मी त्याला मोटरसायकलवर घातलं. झरीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. सगळा पाडा घरांबाहेर, तंबूच्या सावलीत. सुकीकाकी लंगडत आली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, रडली. बहीण संगीतानं पाणी दिलं. लहान्याकाका उद्यासाठी अंगणात सारवत होते. त्यांनी पोराकडे एकदा वर बघितलं, बारीक झालास म्हणाले आणि पुन्हा सारवायला लागले.

तोंडावर पाणी मारतो म्हणून चैत्या घरात शिरला. घर रिकामंच होतं. मी दाराशी पहाऱ्याला उभा राहिलो. झाकण सरकल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि त्याच क्षणी जमिनीतून घरघर आली.

त्या दिवसाचा तो सर्वांत मोठा धक्का होता. कौलं खडखडली, ओटीवरचा हंडा लवंडला. पोरं किंचाळली, लोक मोकळ्या जागेकडे पळाले. लपवत नाही, मीही पळालो. आत चैत्या होता आणि मी पळालो. सुकीकाकी नाव घेऊन हाका मारत होती आणि तो बाहेर येत नव्हता. सगळे घरापासून लांब जात असताना एकच माणूस घराकडे धावला. सारवणानं भरलेल्या हातांनी लहान्याकाका आत गेले.

धक्का थांबला तसा मी कुडापाशी परत गेलो. माती पडलेल्या फटीतून आतलं दिसत होतं. चैत्या टोपलीपुढे गुडघ्यावर बसला होता. एक हात तांदळात मनगटापर्यंत रुतलेला, दुसऱ्या हाताची मूठ छातीशी. थरथर कापत होता. जमीन थांबली होती, तो थांबला नव्हता. बाप त्याच्या मागे उभा होता.

"आणलास त्याला?" लहान्याकाकांनी विचारलं.

चैत्यानं मूठ उघडली. काका खाली बसले, हात धोतराला पुसले आणि सुपारी उचलून घेतली.

"तुला कवापासून माहीत हाय?" चैत्या कसाबसा म्हणाला.

"तू गेलास त्याच दिशी. तुझ्यासाठी देवाला सांगाया झाकण उघडला व्हता. माझा देव माझ्या हाताला कळणार नाय?"

"मग बोलला का नाय?"

"बोलून काय झाला असता? तू विमानातून उतरला असतास?"

चैत्या रडायला लागला. लहान पोर रडतं तसा, हुंदके देत. "बाबा, आयचा पाय, बैल, आता ही जमीन. समदा माझ्यामुळं ना?"

काका जवळ सरकले. मला वाटलं आता थोबाडीत बसते.

"धरणी हलवायला," ते म्हणाले, "तू एवढा मोठा कवा झालास रे?"

काका सुपारीवरून अंगठा फिरवत होते, शेंदूर कुठे उरलाय ते बघत होते. नंतर त्यांनी जे विचारलं ते मला अजून आठवतं, कारण भगताचा आवाज बदललेला मी तेव्हाच ऐकला.

"तिथं याला खाया काय घातलास?"

"काय नाय. शिरा. थोडा थोडा."

"वाटलाच मला. म्हणून मी हितून घालीत व्हतो. दर वर्षी. समुद्राकडं तोंड करून." त्यांनी सुपारी चैत्याच्या हातावर परत ठेवली आणि त्याची बोटं मिटवली. "तू हितल्या लोकांसाठी भीत व्हतास. मला तुझ्यासाठी भ्या व्हता. देव उपाशी, न् तू त्याच्याजवळ एकटा."

ओटीवरचं ते दुसरं पान. साडेचार वर्षं मी त्याच्या बाजूला बसून भात आणि कोंबडीचा रस्सा हादडत होतो आणि मला कळलं नव्हतं. कुडाला टेकून मी डोळे पुसले आणि सुकीकाकीला सांगितलं की पोरगं धड आहे.

दुसऱ्या दिवशी चार पाड्यांची माणसं जमली. काकांनी अंगणात देव मांडले. मोरपिसं, नाणं आणि दोन सुपाऱ्या. बाजारातली सुपारीही त्यांनी टाकली नाही, साडेचार वर्षं तिनंही पूजा घेतली होती. सोनीबाई म्हणून तिथली जाणती बाई आहे, तिनं विचारलंच, भगता, तुझा नारनदेव दोन कसा? चैत्या माझ्या शेजारी उभा होता. त्यानं माझा दंड असा धरला की बोटं उमटली.

"एक घरी व्हता," लहान्याकाका म्हणाले, "एक पोरासंगती गावाला गेलता. काल आला."

सोनीबाईनं मान डोलावली. परगावाहून आलेल्याला आधी पाणी द्यायला हवं, म्हणाली, आणि तिनं स्वतः दोन्ही सुपाऱ्यांपुढे पाणी ठेवलं. जमीन का हलते याचं उत्तर त्या दिवशी मिळालं नाही. काकांनी तसं सरळ सांगितलं, देव म्हणतोय त्यालाबी ठाऊक नाय, पोरांना घरात निजवू नका. लोकांना ते पटलं.

जमीन पुढेही हलत राहिली, होळीला हलली आणि उन्हाळाभर हलली. चैत्या आता सरावलीला एका शाळेच्या रसोड्यात काम करतो, मटण खात नाही, आणि नव्या भाताला बापाबरोबर टोपलीपुढे बसतो. धक्का बसला की अजून घाबरतो. पण आता आमच्या सगळ्यांइतकाच घाबरतो.